जर्मनी-ऑस्ट्रियात राहावे कुठे, जेवावे कधी?

युरोपच्या सहलीचा बेत ठरला की नकाशावर पहिल्या खुणा होतात त्या राजवाड्यांच्या, किल्ल्यांच्या आणि हिमशिखरांच्या. निवास आणि भोजन हे विषय 'तिथे गेल्यावर पाहू' या सदरात ढकलले जातात. पर्यटन कंपनीबरोबर जाणाऱ्यांना हे परवडते, कारण ती चिंता कंपनी वाहते. स्वतःच्या हिमतीवर निघणाऱ्यांची गोष्ट वेगळी. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्ट या शहरांत स्थिरावलेल्या मराठी तरुणांची संख्या वाढली आहे. त्यांना भेटायला जाणारे आई-वडील तेथून पुढे ऑस्ट्रियापर्यंत स्वतंत्रपणे फिरून येतात. अशा प्रवाशांना तेथे पहिला धक्का बसतो तो महागाईचा नव्हे, तर बंद दारांचा.

या दोन देशांत खोलीही मिळते आणि अन्नही मिळते. मात्र दोन्ही ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी मिळतात. रविवारी दुकाने बंद, दुपारी दोननंतर अनेक उपाहारगृहांचे स्वयंपाकघर बंद, संध्याकाळनंतर लहान निवासगृहाची कचेरी बंद. हे वेळापत्रक ज्याने आधी समजून घेतले, त्याची सहल सुखाची होते. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण येथे सहलीच्या आराखड्यालाच लागू पडते.

व्हिसा ठरतो रात्रींवर

जर्मनी आणि ऑस्ट्रिया हे दोन्ही देश शेंगेन करारात असल्याने एकच व्हिसा पुरतो. तो कोणत्या देशाकडे मागायचा, हे मुक्कामाच्या रात्रींवरून ठरते. ज्या देशात अधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. दोन्हीकडचे दिवस सारखे असतील, तर जेथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. विमान म्युनिकला उतरणार म्हणून अर्ज जर्मनीकडे, हा समज चुकीचा आहे. चार रात्री जर्मनीत आणि सहा ऑस्ट्रियात असतील, तर अर्ज ऑस्ट्रियाकडेच जातो.

अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा द्यावा लागतो. किमान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमाही सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. म्हणून आरक्षण करताना विनाशुल्क रद्द करण्याची मुभा असलेली खोली निवडावी आणि ती मुदत व्हिसाच्या निर्णयानंतरची असेल असे पाहावे. थोडी स्वस्त पण रद्द न होणारी खोली व्हिसा नाकारला गेल्यास फार महाग पडते. मुला-मुलींकडे राहणार असल्यास त्यांचे निमंत्रणपत्र आणि घराच्या पत्त्याचा पुरावा जोडावा. पाहुण्यांचा खर्च यजमान उचलणार असेल, तर जर्मनीतील स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयाकडून मिळणारे अधिकृत हमीपत्र उपयोगी पडते.

मुक्काम थोडे, रात्री जास्त

दहा दिवसांत सात गावी मुक्काम हा हौशी आराखड्यांतील नेहमीचा दोष. प्रत्येक नवा मुक्काम म्हणजे सामान बांधणे, खोली सोडणे आणि नवी खोली मिळेपर्यंत ताटकळणे. खोली साधारणपणे सकाळी दहा-अकरापर्यंत सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी दोन-तीननंतर मिळते. यात जेवणाची मुख्य वेळ हुकते आणि पोटात जाते ते स्थानकावरचे महाग सँडविच.

त्यापेक्षा दोन-तीन मोठी केंद्रे ठरवून तेथून दिवसाची फेरी करणे सोयीचे. म्युनिकहून साल्झबर्ग रेल्वेने पावणेदोन तासांच्या आत गाठता येते. नॉयश्वानस्टाइन किल्ल्यासाठीचे फ्युसेन सुमारे दोन तासांवर आहे. साल्झबर्ग ते व्हिएन्ना हा प्रवास अडीच तासांचा. लांबच्या टप्प्यासाठी रात्रीची गाडी हाही एक मुक्कामच समजावा. ऑस्ट्रियन रेल्वेची 'नाइटजेट' हॅम्बुर्ग आणि व्हिएन्ना यांच्या दरम्यान धावते. तिच्या शयनयानात न्याहारी तिकिटातच मिळते, त्यामुळे एका रात्रीचे भाडे आणि एक जेवण दोन्ही वाचते.

निवासाचे प्रकार

हॉटेल सर्वांच्या परिचयाचे असते. त्याखेरीज पुढील पर्याय अधिक घरगुती आणि बहुधा स्वस्त पडतात.

पेन्सिओन आणि गास्टहोफ : पेन्सिओन म्हणजे कुटुंबाने चालवलेले लहान निवासगृह, तर गास्टहोफ म्हणजे खाली उपाहारगृह आणि वर खोल्या असलेली खाणावळ. न्याहारी बहुधा भाड्यात धरलेली असते, तरी 'मिट फ्र्यूश्ट्युक', म्हणजे न्याहारीसह, हे शब्द आरक्षणात पाहून घ्यावेत. रात्री उशिरा पोहोचणार असल्यास आधी कळवावे, कारण येथे रात्रपाळीचा माणूस नसतो. किल्ली कोठे ठेवली आहे, हे लेखी विचारून ठेवावे.

युवा वसतिगृहे : या कल्पनेचा जन्मच जर्मनीतला. आल्टेना येथील किल्ल्यात १९१२ मध्ये जगातील पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू झाले. नाव युवकांचे असले तरी आज कुटुंबेही तेथे राहतात आणि कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या मिळतात. जर्मन युवा वसतिगृह संघटनेच्या वसतिगृहांत राहण्यासाठी सभासदत्व लागते. चादरी आणि न्याहारी भाड्यात येतात.

फेरीएनवोनुंग : म्हणजे स्वयंपाकघरासह सुट्टीसाठी मिळणारी सदनिका. चार-पाच जणांच्या कुटुंबाला आणि शाकाहारी मंडळींना हा सर्वांत उत्तम पर्याय. मात्र अखेरच्या साफसफाईचे वेगळे शुल्क आकारले जाते आणि कधी अनामतही मागतात. दोन रात्रींसाठी हे शुल्क जड जाते, पाच रात्रींसाठी ते विभागले जाते. म्हणून सदनिका लांब मुक्कामासाठीच घ्यावी. इमारतीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते; त्या वेळी मिक्सर लावल्यास शेजारी तक्रार करतात.

आल्प्समधील हॉटेले : ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागात 'हाल्बपेन्सिओन', म्हणजे न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरून भाडे, ही पद्धत रुजलेली आहे. लहान गावात संध्याकाळी दुसरी खाण्याची जागा उघडी असेलच असे नाही. म्हणून तेथे हाच व्यवहार शहाणपणाचा. शाकाहार आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावा.

वयस्कर प्रवासी बरोबर असतील, तर तीन गोष्टी विचाराव्यात. लिफ्ट आहे का? खोली कितव्या मजल्यावर आहे? स्नानगृह खोलीला लागून आहे की सामाईक? जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. तेथे मजले आपल्यासारखेच तळमजला सोडून मोजतात. पण व्हिएन्नाच्या जुन्या वाड्यांत तळमजल्यानंतर 'मेझानिन' नावाचा आणखी एक मजला येतो आणि मग पहिला. पहिला मजला म्हणून घेतलेली खोली प्रत्यक्षात दोन जिने वर निघते. उन्हाळ्यात वातानुकूलन गृहीत धरू नये.

भाड्यावरचा कर

जाहिरातीतील भाडे हे अखेरचे भाडे नसते. बर्लिनमध्ये खोलीच्या भाड्यावर शहराचा कर लागतो; १ जानेवारी २०२५ पासून तो साडेसात टक्के आहे. व्हिएन्नातही भाड्याच्या टक्केवारीत 'ऑर्ट्सटाक्से' घेतात. बव्हेरिया राज्याने मात्र २०२३ मध्ये शहरांना असा कर लावण्यास मनाई केली, त्यामुळे म्युनिकमध्ये तो नाही. आरोग्यस्थळे आणि डोंगरी गावांत माणशी, प्रतिरात्र 'कुरटाक्से' द्यावा लागतो.

या कराच्या मोबदल्यात अनेक ठिकाणी पाहुण्यांना एक कार्ड मिळते. ते मागून घेण्यास विसरू नये. ब्लॅक फॉरेस्टमधील बऱ्याच गावांत मिळणाऱ्या 'कोनुस' कार्डावर त्या परिसरातील बस-रेल्वे विनामूल्य असते. इन्सब्रुकमध्ये दोन किंवा अधिक रात्री राहणाऱ्यांना मिळणाऱ्या कार्डावर स्थानिक वाहतूक मोफत असते. साल्झबर्ग राज्यानेही मे २०२५ पासून मुक्कामी पाहुण्यांसाठी सार्वजनिक वाहतुकीचे तिकीट सुरू केले आहे. दोन खोल्यांच्या भाड्यात थोडाच फरक असेल, तर कार्ड देणारी खोली अखेरीस स्वस्त ठरते.

महागड्या रात्री

काही रात्री अशा असतात की, त्या दिवशी त्या शहरात न जाणे हीच मोठी बचत. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट नावाने ऑक्टोबरचा असला तरी १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्या काळात खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढतात. फ्रँकफर्टमध्ये ऑक्टोबरातील पुस्तकमेळ्यासारख्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या आठवड्यांत तीच स्थिती. साल्झबर्गमध्ये १९२० पासून भरणारा संगीत-नाट्य महोत्सव जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत चालतो. ज्या शहरात जायचे, तेथील प्रदर्शनांच्या आणि उत्सवांच्या तारखा आधी पाहाव्यात, मग विमानाचे तिकीट काढावे.

नाताळच्या बाजारांसाठी जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न्युरेंबर्गसारखे प्रसिद्ध बाजार २४ डिसेंबरला आटोपतात. त्या दिवशी दुपारनंतर दुकाने आणि बहुसंख्य उपाहारगृहे बंद होतात. २५ आणि २६ डिसेंबरला सुट्टी असते. या तीन दिवसांसाठी स्वयंपाकघर असलेली सदनिका घेणे हाच खात्रीचा मार्ग.

जेवणाचे घड्याळ

न्याहारी सकाळी सात ते दहा, दुपारचे जेवण बारा ते दोन, रात्रीचे सहा ते नऊ, असा येथील दिनक्रम. शहरांच्या मध्यवर्ती भागात दिवसभर जेवण मिळते. पण लहान गावांत दोन ते साडेपाच स्वयंपाकघर बंद असते आणि रात्री नऊनंतर गरम पदार्थ मिळणे कठीण होते. मुंबई-पुण्याप्रमाणे रात्री साडेनऊला जेवायला बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याला तेथे पुसलेली टेबले येतात. शिवाय अनेक खाणावळींचा आठवड्यातून एक-दोन दिवस 'रुहेटाग', म्हणजे साप्ताहिक सुट्टी असते. ती बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी येते.

खर्च आवरायचा असेल तर मुख्य जेवण दुपारी घ्यावे. कामाच्या दिवशी दुपारी 'टागेसटेलर' किंवा 'मिटाग्समेन्यू' या नावाने ठरावीक थाळी मिळते. तीच उपाहारगृहे संध्याकाळी बरेच अधिक पैसे घेतात. विद्यापीठांच्या भोजनालयांत, म्हणजे 'मेन्झा'मध्ये, बाहेरच्या पाहुण्यांनाही थोड्या अधिक दराने जेवता येते आणि तेथे शाकाहारी पदार्थ रोज असतात. रात्री मात्र तेथील लोकांप्रमाणे पाव, चीज, कोशिंबीर असे हलके थंड जेवण खोलीवर करावे. जर्मन भाषेत रात्रीच्या जेवणाला 'आबेंडब्रोट', शब्दशः 'संध्याकाळचा पाव', म्हणतात ते उगीच नव्हे.

रविवारची शिदोरी

रविवारच्या विश्रांतीला जर्मनीत राज्यघटनेचे संरक्षण आहे. ही तरतूद १९१९ च्या वायमार घटनेतून आजच्या घटनेत आली. त्यामुळे रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला किराणा दुकाने, सुपरमार्केट, मॉल सर्व बंद असतात. इतर दिवशीच्या वेळा राज्यागणिक बदलतात. बर्लिनमध्ये रात्री उशिरापर्यंत खरेदी करता येते, तर बव्हेरियात रात्री आठला दुकाने बंद होतात. ऑस्ट्रियात सोमवार ते शुक्रवार रात्री नऊपर्यंत दुकाने उघडी ठेवता येतात. मात्र शनिवारी संध्याकाळी सहालाच दारे लागतात आणि ती उघडतात थेट सोमवारी सकाळी. शनिवारी दिवसभर भटकून सात वाजता खोलीवर परतणाऱ्या कुटुंबाला दूधही मिळत नाही, ते यामुळेच.

उपाय सोपा आहे. शनिवारी दुपारपूर्वी दोन दिवसांचे सामान भरावे. अगदीच अडल्यास मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने रविवारी उघडी असतात. म्युनिक, फ्रँकफर्ट आणि व्हिएन्ना या शहरांच्या मुख्य स्थानकांवर सोय होते. काही बेकऱ्या रविवारी सकाळी काही तास उघडतात आणि पेट्रोल पंपांवर जुजबी वस्तू मिळतात. उपाहारगृहे आणि संग्रहालये बहुतांशी चालू असतात. म्युनिकचा व्हिक्टुआलिएनमार्क्ट आणि व्हिएन्नाचा नाश्मार्क्ट हे प्रसिद्ध बाजार मात्र रविवारी पाहायला मिळत नाहीत.

सुट्ट्यांमध्ये १ मे दोन्हीकडे, ३ ऑक्टोबर जर्मनीत आणि २६ ऑक्टोबर ऑस्ट्रियात पाळतात. आपल्या स्वातंत्र्यदिनी, १५ ऑगस्टला, ऑस्ट्रियात आणि बव्हेरियाच्या बहुतेक भागांत मेरीमातेच्या सणाची सुट्टी असते. ही सुट्टी शनिवारी किंवा सोमवारी आल्यास सलग दोन दिवस दुकाने बंद राहतात.

शाकाहारींसाठी

मांसाहाराचा देश असा लौकिक असला तरी शाकाहारी माणूस येथे उपाशी राहत नाही. त्याला विचारण्याची सवय मात्र हवी. चीज घातलेले घरगुती शेवयांसारखे 'केझेश्पेट्सल', बटाट्याच्या थालीपिठासारखे 'कार्टोफेलपुफर', तिरोलमधील पालकाचे गोळे 'श्पिनाटक्न्योडेल', खारा 'ब्रेत्सेल' पाव हे पोटभरीचे पदार्थ. ऑस्ट्रियाचे 'कायझरश्मार्न' आणि 'गेर्मक्न्योडेल' गोड असले तरी तेथे जेवण म्हणूनही खाल्ले जातात. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे 'श्पार्गेल'चा हंगाम असतो आणि त्या काळात प्रत्येक खाद्यपत्रिकेत तिचे पदार्थ असतात. शहरांतील तुर्की दुकानांत मिळणारे फलाफल हा स्वस्त आणि उशिरापर्यंत मिळणारा आधार.

अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्याची असते. बटाट्याच्या कोशिंबिरीत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. त्याला 'श्पेक' म्हणतात. भाजीच्या सुपातही गोमांसाचा अर्क असू शकतो. मिठायांत आणि काही दह्यांत जिलेटीन असते. शेवया आणि गोळ्यांत अंडे असतेच. पारंपरिक पद्धतीच्या अनेक चीजमध्ये प्राणिजन्य विरजण वापरतात. म्हणून केवळ 'व्हेगेटारिश' म्हणून थांबू नये. 'ओने फ्लाइश', 'ओने फिश', 'ओने आय', म्हणजे मांसाशिवाय, माशाशिवाय, अंड्याशिवाय, असे स्पष्ट सांगावे. हे शब्द चिठ्ठीवर जर्मन लिपीत लिहून जवळ ठेवावेत. अंडे न खाणाऱ्यांनी 'व्हेगान' पदार्थ मागावा. त्यात अंडेही नसते आणि दूधही. दुकानातील पाकिटांवर पिवळ्या वर्तुळातील 'व्ही' हे चिन्ह शाकाहाराची खूण आहे.

सुपरमार्केटमध्ये मराठी जिभेला ओळखीचे दोन पदार्थ सापडतात. 'क्वार्क' म्हणजे आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ. परदेशातील मराठी घरांत त्याचेच श्रीखंड होते. 'बुटरमिल्ख' हे ताकाच्या जवळचे. भारतीय किराणा फ्रँकफर्टमध्ये मुख्य स्थानकालगतच्या वस्तीत सहज मिळतो. सुपरमार्केटची नावे मात्र सीमेवर बदलतात : जर्मनीतील 'आल्डी' ऑस्ट्रियात 'होफर' या नावाने चालते.

बॅगेत काय न्यावे

युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणण्यास बंदी आहे. तूप, पनीर, खवा, पेढे, बर्फी घरीच ठेवावे. कढीपत्ता, आंबे आणि बहुतेक ताजी फळे-भाज्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. थालीपिठाची भाजणी, चिवडा, खाकरा, तेलावरच्या दशम्या, कोरड्या चटण्या, भाजलेल्या रव्याचे उपम्याचे मिश्रण ही शिदोरी चालते. सदनिकेत विजेचा लहान कुकर वापरता येतो, कारण विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे. प्लगसाठी जोडणी मात्र न्यावी. हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक करू नये. धुराचा इशारा देणारे यंत्र फोडणीने वाजते आणि अग्निशमन दलाच्या फेरीचे बिल पाहुण्याच्या माथी येऊ शकते.

ही शिदोरी उघडायला म्युनिकची बिअर गार्डन उत्तम. १८१२ च्या राजाज्ञेने तेथील मद्य उत्पादकांना आपल्या बागेत बिअर विकण्याची मुभा मिळाली. जेवण विकण्याची मिळाली नाही. लोक घरून डबा आणू लागले. ती प्रथा आजही चालू आहे आणि बव्हेरियाच्या १९९९ च्या नियमावलीत बिअर गार्डनचे लक्षण म्हणून तिची नोंद आहे. टेबलावर कापड नसेल तेथे बसावे, पेय तेथलेच घ्यावे आणि खुशाल दशमी-चटणी खावी. मद्य न घेणाऱ्यांसाठी सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे 'आप्फेलशोर्ले' असते.

पाणी, बाटल्या आणि बिल

नळाचे पाणी दोन्ही देशांत निर्धास्त पिता येते. व्हिएन्नाला तर आल्प्समधील झऱ्यांचे पाणी १८७३ पासून जलवाहिनीने मिळते. त्यामुळे रिकामी बाटली जवळ ठेवावी. उपाहारगृहात मागवलेले पाणी बाटलीबंद आणि बहुधा सोड्याचे येते आणि त्याचे पैसे पडतात; साधे हवे असल्यास 'श्टिलेस वासर' म्हणावे. व्हिएन्नाच्या कॉफीगृहात मात्र कॉफीसोबत पाण्याचा पेला आपणहून येतो.

बाटलीबंद पेय घेतल्यास एकदा वापरायच्या बाटलीमागे आणि डब्यामागे २५ सेंट अनामत घेतात. जर्मनीत ही पद्धत २००३ पासून आहे, ऑस्ट्रियात १ जानेवारी २०२५ पासून. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की पैसे परत मिळतात. एका देशाची बाटली दुसऱ्या देशात चालत नाही, म्हणून सीमा ओलांडण्यापूर्वी हिशेब मिटवावा. टेबलावर ठेवलेली पावाची टोपली फुकट नसते. खाल्लेले पाव बिलात येतात. बक्षिशी पाच ते दहा टक्के पुरते. ती टेबलावर न ठेवता पैसे देतानाच एकूण रक्कम तोंडी सांगावी. लहान गावांत आजही रोख रक्कम लागते.

दहा रात्रींचा नमुना

वरील सर्व नियम एकत्र केल्यास आराखडा असा दिसेल :

मंगळवार ते शुक्रवार, चार रात्री म्युनिक : सदनिका किंवा पेन्सिओन. पोहोचल्या दिवशी रात्री आठपूर्वी किराणा. एक दिवस फ्युसेन. त्या दिवशी डबा सोबत. एक दुपार बिअर गार्डन.

शनिवार-रविवार, दोन रात्री साल्झबर्ग : न्याहारीसह गास्टहोफ. शनिवारी सकाळी म्युनिक सोडण्यापूर्वीच रविवारची खरेदी. रविवारी किल्ला आणि मिराबेल उद्यान; मुख्य जेवण दुपारी बाहेर.

सोमवार ते गुरुवार, चार रात्री व्हिएन्ना : स्वयंपाकघर असलेली सदनिका. कामाचे वार असल्याने दुपारची थाळी रोज मिळते आणि नाश्मार्क्टही उघडा. शुक्रवारी परतीचे विमान.

जर्मनीत चार, ऑस्ट्रियात सहा रात्री; म्हणून व्हिसाचा अर्ज ऑस्ट्रियाकडे. प्रत्येक आराखड्यात वार लिहावेत, केवळ तारखा लिहून भागत नाही. शनिवारची संध्याकाळ कोणत्या गावी येते आणि त्या वेळी पिशवीत काय असेल, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरली की मग राजवाड्यांच्या तिकिटांकडे वळावे.